धाकटीला पोलिश कळली तो दिवस

घरात परदेशी भाषा येणारी मी एकटी, हा माझा तोरा बरीच वर्षं टिकला. नोकरी सांभाळून दर शनिवारी यवतमाळहून एसटीने नागपूरला जायचे आणि रशियन शिकायचे. बाबा आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या मोठीले रशियन येते." पाहुण्यांना त्याचं काही नसायचं, पण मी चहाचा ट्रे घेऊन मुद्दाम तिथेच रेंगाळायचे.

मग धाकटी डॉक्टर व्हायला युक्रेनला गेली, आणि लढाई पेटली तेव्हा शिक्षण अर्धवट टाकून परत आली. ती युक्रेनियन आणि रशियन मिसळून बोलायची. मी चुका काढल्या की म्हणायची, "ताई, समोरच्याले समजलं ना, मंग झालं."

गेल्या वर्षी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका तेलाच्या कारखान्यात पोलंडहून मशीन आलं, सोबत ते बसवणारा मेकॅनिक. त्याला इंग्रजी येईना, आणि मोबाइलवरचं भाषांतर गोंगाटात भलतंच सांगायचं. मालकाने मला बोलावलं. मी ऐटीत म्हणाले, "पोलिश काय, रशियनची बहीणच." आपल्याला हिंदी नाही का न शिकता समजत, तसंच हे. धाकटीला नेलं ते स्कूटी चालवायला. मला गाडी येत नाही.

मेकॅनिक बोलू लागला. एखादा ओळखीचा शब्द हाती लागेपर्यंत त्याचं वाक्य पुढे निघून जाई. मी शुद्ध रशियनमध्ये, पूर्ण वाक्यात विचारायचे. तो नम्रपणे मान हलवून पुन्हा तेच सांगायचा. मालक घड्याळ बघायला लागला.

तेव्हा धाकटी पुढे झाली. मशीनच्या एका नळीवर हात ठेवून तिने दोन-तीन तुटके शब्द टाकले, हे की ते, असं. तो एकदम मोकळा झाला. निम्मं तिला कळायचं, निम्मं ती पुन्हा विचारायची. युक्रेनियन ही पोलिशला रशियनपेक्षा जवळची, हे तिनेच मला नंतर सांगितलं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. ती विचारायची रीत मी ओळखली. आई घाटंजीच्या बाजारात बांगड्या विकायची. बंजारा बाया गोरबोलीत बोलायच्या, कोलाम बाया कोलामीत. आई त्यांचा हात हातात घेऊन एकेक बांगडी वर धरायची, ही की ती, आणि हवी तीच भरायची. धाकटी तिच्या शेजारी बसलेली असे. मी अभ्यासाचं कारण सांगून घरी राहायचे. खरं तर मला बाजारात बसायची लाज वाटायची.

दुपारी मशीन सुरू झालं. मालकाने पेढ्यांचा पुडा धाकटीच्या हातात दिला आणि माझा नुसता जळफळाट झाला. परतताना मी मागे बसून म्हणाले, "तुझं व्याकरण मात्र फार कच्चं आहे."

"हो ना," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पोलंडच्या सीमेवर दोन दिवस थंडीत उभी होती मी. तिथल्या एका बाईनं मले सूप देल्लं. ते तिचं बोलून राह्यलती, मी ऐकून राह्यलती. तवाच कळाले लागलं. न समजून कसं चाललं असतं, ताई?"

अशा वेळी मोठ्या बहिणीने पाठीवर हात ठेवायचा असतो, हे मला माहीत होतं. पण लपवून काय करू, मला त्या बाईचा, त्या थंडीचा, त्या सूपाचासुद्धा हेवा वाटला.

बाबा दारातच उभे होते. "मंग? समजलं का त्याचं?"

स्कूटी स्टँडवर लावता लावता धाकटी म्हणाली, "ताईलेच समजलं सारं. मी नुसती गाडी चालवाले गेलती." आणि पेढ्यांचा पुडा तिने माझ्या हातात दिला.

बाबांचा चेहरा फुलला. तिची एकही चूक न सोडणारी मी, एवढी मात्र दुरुस्त केली नाही.