चकमकीतला एक 'क'

रविवारी दुपारी चार वाजता, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलले! रिसोडच्या आमच्या वाचनालयात... आणि तेही आमच्या ह्यांच्या विरोधात. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

झालं असं की मध्यंतरी मोबाईलवर बातमी आली... एका भयंकर गुन्ह्यातला आरोपी पोलीस चकमकीत मारला गेला. आमच्या गल्लीत फटाके फुटले. खोटं कशाला सांगू, मलाही आधी बरंच वाटलं.

पण मशीनवर ब्लाऊज शिवताना डोक्यातून जाईना. मला दोन लेकरं आहेत. तो माणूस असा कशाने झाला, ते आता कळणारच नाही, हे मला टोचायला लागलं.

घरी म्हटलं तर ह्यांचं ठरलेलं उत्तर... "तुले काय समजते त्यातलं!" एकवीस वर्षं हे वाक्य ऐकून मी चहा गाळायला आत जाते. यावेळी गेले नाही. वाचनालयात याच विषयावर जाहीर चर्चा ठेवलीय असं कळलं आणि मी सरळ नाव देऊन आले. घरी आल्यावर कळलं, चकमकीच्या बाजूने बोलायला ह्यांनी आधीच नाव दिलंय!

चार दिवस घरात दोन तंबू. मी शिवणाच्या वहीत भाषण लिहायची, हे गच्चीवर जाऊन पाठ करायचे. लेकरांना भलतीच मजा...

आता खरी गंमत. फ्लेक्सवर छापायचं होतं 'पोलीस चकमक : जाहीर चर्चा'. फ्लेक्सवाल्याने एक 'क' खाऊन टाकला... 'पोलीस चमक : जाहीर चर्चा'! शिवाय स्वतःच्या हौसेने बाजूला गुलाबाचा गुच्छ आणि सॅल्यूट ठोकणारा शिपाई टाकला. बदलायला वेळच नव्हता.

तो फ्लेक्स वाचून आमच्या गावातले निवृत्त पोलीस जमादार आले ना! त्यांना वाटलं, पोलिसांचा सत्कार आहे. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट, मिशीला पीळ, सोबत बायको पैठणीत, केसात गजरा... आणि बसले कुठे? पहिल्या रांगेत, बरोब्बर माईकसमोर. या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने अख्खा बाजार गप्प व्हायचा, हे रिसोडात कोणालाही विचारा.

ह्यांचं भाषण झालं. टाळ्याच टाळ्या! जमादार खुशीत मान डोलवत होते. मग माझं नाव पुकारलं...

वही उघडली आणि समोर ती मिशी. शुद्ध भाषेत लिहिलेली चार पानं होती हो, त्यातलं एक अक्षर दिसेना. मागून कोणीतरी हसलं. हे खाली मान घालून बसलेले... वाटलं, आता उतरले तर जन्मभर चहाच गाळायचा.

वही मिटली आणि तोंडातून आमची घरची बोलीच बाहेर पडली. "गुन्हा करणाऱ्याले शिक्षा होवाच लागते, मी नाई म्हणत नाई. पन मेलेल्या माणसाले कोण इचारन, काहून केलं म्हणून? आन ते नाई समजलं तं उद्याचा कसा थांबवसान?"

संपलं. चार पानांचं भाषण एवढंच झालं. आणि जमादार उभे राहिले.

त्यांनी माईक हातात घेतला. मग म्हणाले, "मी एकडाव गोळी झाडेल हाये. एक जण कुऱ्हाड घेऊन आंगावर आला होता, झाडाच लागली. आजही मी तेच करीन."

टाळ्या वाजल्या. त्यांनी हाताने थांबवल्या.

"पायाले लागली, वाचला तो. मंग दवाखान्यात त्याच्याच खाटेपाशी माहा पहारा. तिसऱ्या दिवशी मी इचारलं, काहून रे? वावरात जायचा रस्ता भावानं अडवला होता. तीन वर्सं या हापिसातून त्या हापिसात फिरला, कोणी ऐकूनच नाई घेतलं, मंग उचलली कुऱ्हाड. तो सांगत होता आन मी आयकत होतो... तवापासून मी कुऱ्हाड पाह्यली का मले तो रस्ता दिसते."

एवढा दरारा असलेला माणूस, पण आवाज कातर झाला हो त्यांचा.

शेवटी हात वर करून मतं घेतली. मी सपशेल हरले! जमादारांनीही हात ह्यांच्याच बाजूने वर केला. मला जराही वाईट वाटलं नाही, खरंच सांगते... मी इतकी आनंदात होते की ह्यांनाच पेढा भरवला. ह्यांनी माझी वही आणि पर्स स्वतः उचलून घेतली.

पायऱ्यांवर जमादारांच्या बायकोने मला गाठलं. वाटलं, सत्कार हुकला म्हणून रागावल्या असतील. त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरलेले...

"बाई, रात्री दचकून उठतेत हे. मी आपली पाणी देतो आन झोपतो. काहून उठता, हे मी कधी इचारलंच नाई."

मग त्या गेटपाशी उभ्या असलेल्या जमादारांकडे गेल्या. ऑटोवाला हाक मारत होता, त्याला हातानेच जा म्हणाल्या... आणि दोघं हळूहळू बोलत पायीच घराकडे निघाले.

मी तिथेच उभी राहून रडले, आनंदाने. माझ्या तोडक्यामोडक्या बोलण्याला जागा देणाऱ्या वाचनालयाचे मनापासून आभार!