यादीबाहेरचे मास्तर

मिसिसागाच्या घरी मुलाने माझ्यासाठी बेसमेंट छान फिनिश करून घेतलं. "बाबा, प्रायव्हसी आहे, सेपरेट वॉशरूम आहे." मी मात्र वर हॉलमध्ये, खिडकीजवळच्या सोफ्यावर झोपतो. त्याला वाटतं म्हातारा हट्टी आहे. तो आहेच, पण खरं कारण लेबनॉनचं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत माझं पोस्टिंग दक्षिण लेबनॉनला होतं. मी हवालदार, डोंगरावरच्या पोस्टवर माझ्यासह सहा जण. सातवे यूसुफ मास्तर. गावच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आमचे दुभाषी. आमच्यात राहून हिंदी फर्डी बोलायचे.

त्या दिवशी ०९१५ ला सीमेच्या दोन्ही बाजूंनी गोळे सुरू झाले. आम्ही सातही जण बंकरमध्ये उतरलो. रेडिओवर हुकूम आला, "कोणीही बाहेर पडायचं नाही. ओव्हर." एक दरवाजा, एक जेरिकॅन पाणी. तीन तासांत जवान एकमेकांवर खेकसू लागले. तेव्हा मास्तरांनी कोळशाने भिंतीवर रेघ ओढली आणि तास सुरू केला. आधी फिनिशियन खलाशी. मग ग्रीक, रोमन, अरब, धर्मयुद्धाला आलेले क्रूसवाले. तुर्क चारशे वर्षं. मग फ्रेंच. मग स्वातंत्र्य, आणि पुढे भावाभावांची पंधरा वर्षं लढाई.

"जो आला तो म्हणाला, डोंगर माझा," मास्तर म्हणाले. "माझी आई त्याच डोंगरावर ऑलिव्ह झोडते आहे."

आई खाली घरात एकटी होती. तीनशे मीटरवर. १४२० ला त्याच बाजूला गोळा फुटला. मास्तर उठले.

"ऑर्डर आहे, मास्तर. बसा."

"ऑर्डर यादीतल्यांना. मी तुमच्या यादीत आहे का?"

नव्हते. पोस्टवरच्या जवानांची यादी मीच लिहिली होती. मी खूण केली असती तर दोन जवानांनी त्यांना धरून बसवलं असतं. मी कडी काढली.

ते वीस पावलं गेले. पुढचा गोळा तिथेच पडला.

पाच मिनिटांनी रेडिओवर हजेरी मागितली. मी सवयीने बोलून गेलो, "सिक्स. ऑल ओके. ओव्हर." संध्याकाळपर्यंत ते बाहेर होते आणि आम्ही आत. त्या वेळेची मला अजून लाज वाटते.

आई वाचली होती. मी मास्तरांची बातमी सांगायला गेलो तेव्हा तिने आधी मला पाणी दिलं.

इथे अकरा नोव्हेंबरला, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनी, मी कोटाला पॉपीचं लाल फूल लावून स्मारकापाशी उभा राहतो. दोन मिनिटं सगळे गप्प असतात. तेवढ्यात मी मनात माझा रिपोर्ट दुरुस्त करतो. एकूण सात. सहा हजर. यूसुफ मास्तर कामी आले.