जित्या माणसाला खांदा

यमाजीच्या हातून माणूस मेला होता, हे किन्हवलीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. बांधावरून भांडण पेटलं, कोयता चालला, देवराम गेला. सात वर्षं तुरुंगात काढून यमाजी त्रेसष्ट साली ऐन भातकापणीत परत आला, तर त्याला कापणीलासुद्धा कुणी बोलावीना.

तुरुंगाच्या दवाखान्यात त्याने रोग्यांची उठबस केली होती. तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो शहापूरला गेला. आग्रा रोडवर ट्रक उलटत. जखमींना उचलून आणायला तिथल्या दवाखान्याच्या गाडीवर माणसं हवी होती. दोन महिने शिकवणी चालली. वाहतं रक्त कसं दाबायचं, मोडल्या हाडाला कामट्या कशा बांधायच्या, यमाजी सावकाश पण पक्कं शिकला.

शेवटच्या परीक्षेला शहापूरच्या डॉक्टरांनी अट घातली. घरचं सोडून गावातलं एक माणूस आणायचं, त्याला झोळीवर निजवून गाडीपर्यंत न्यायचं. ज्याच्या हाती त्याचं गाव निजणार नाही, त्याला गाडीवर घेऊन उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं.

झोळी म्हणजे दोन बांबू आणि मधे कांबळं. गावाच्या डोळ्यांना ती तिरडीच. तिच्यावर जित्याने निजायचं, तेही यमाजीच्या हातून! तो दारोदार फिरला. लोक पाणी देत आणि पावसापाण्याचं बोलत. शेजारचा धाऊ तेवढा स्पष्ट बोलला, "एकाला पोचवलास तेवढा बस झाला रे."

परीक्षेच्या सकाळी यमाजी एकटाच निघाला. फाट्यावर देवरामची आई, अंबूबाई, उभी होती. तो खालमानेने बाजूला झाला. ती त्याच्यामागून यष्टीत चढली, शहापूरला उतरली आणि दवाखान्याच्या अंगणात आपणहून झोळीवर आडवी झाली.

"काकी, तुमी कशाला?" यमाजी कसाबसा बोलला.

"माफी केली असा समजू नको. माझा देवराम दिस कलेपर्यंत बांधावर जिता होता. पोलीस येईपर्यंत कुणी हात नाय लावला." तिने पाय लांब केले. "उचल. नीट धर, कंबर आधीच मोडलीय माझी."

यमाजी तेव्हा पळाला होता. कोर्टातलं बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. देवराम जागीच संपला, असंच तो सात वर्षं धरून चालला होता.

पुढचे दांडे शिकवणीतल्या जोडीदाराने धरले, उशाचे यमाजीने. उशाकडच्याने रोग्याच्या तोंडावरची नजर काढायची नाही, असं शिकवलेलं. चाळीस पावलं तो तिच्या तोंडाकडे बघत चालला. तिनेही डोळे मिटले नाहीत.

डॉक्टरांनी काही न विचारता त्याचं नाव लिहून घेतलं. अंबूबाई गाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि किन्हवलीची यष्टी कधी आहे, ते विचारू लागली.