साहेबांचा उज्जैनमुक्काम

परवा भैरवगढला शहराचा इतिहास दाखवणाऱ्या पायी सहलीत गेलो होतो. रंगवलेल्या ओल्या कापडाचा वास आला आणि गाइड म्हणाला, "उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसरा कुठलाही राजा इथे रात्री मुक्काम करत नाही. केला, तर त्याचं राज्य जातं." मला बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला.

याच गल्लीत बाबा पुण्याहून ताईला बघायला आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवत होते. आमचे पूर्वज दरबारात कारकून, त्यामुळे आमच्याकडे पाहुण्याला चहाआधी इतिहास मिळतो. बाबांनी हीच गोष्ट रंगवून सांगितली. मुलाचे वडील सरकारात मोठे साहेब. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"मग आम्ही संध्याकाळीच देवास गेटहून बस धरतो."

पसंती रात्री जेवणानंतर कळायची होती. बाबांचा चेहरा उतरला. मी नुसता या पायावरून त्या पायावर होत राहिलो. संकटात मला तेवढंच जमतं.

तेव्हा वाटलं, साहेब घाबरले. आज त्यांच्या वयाचा झाल्यावर कळतं, कुणीतरी आपल्याला राजांत धरलं म्हणून ते सुखावले होते.

बरोबर आलेली ताई मात्र शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही तर थांबूनच जा. तुमच्या घरात राज्य कुणाचं आहे, ते मी सकाळपासून बघतेय ना."

मुलाच्या आई हसत हसत तिथेच एका ओट्यावर टेकल्या.

"अहो, मुक्काम करायचा. आणि पसंती आत्ताच सांगून टाका, नाहीतर मी सांगते."