उस्तादांना न दिलेला नकाशा

हे मी बायकोला सांगितलेलं न्हाई, सख्ख्या भावालाही न्हाई. तुम्हाला सांगून राह्यलो, कारण भला माणूस म्हणून मिरवणाऱ्या या बालाजीची आता मलाच शिसारी आली आहे.

जालन्यात मस्तगडला गफूरभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पिंपळगाव रेणुकाईहून मी जालन्याला आल्तो, तेव्हा मला साधी वायर सोलता येत नव्हती. सात वर्षं त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. फेकायचं ते सगळ्यात शेवटी, असं ते म्हणायचे. मेलेल्या रेडिओतला एखादा भाग काढून दुसऱ्यात घालायचे, आणि तो दुसरा बोलायला लागायचा.

मंग नव्वदीच्या दशकात नवीन जालन्यात एका टीव्ही कंपनीचं सर्व्हिस सेंटर निघालं आणि मी तिथं लागलो. तिथं दुरुस्ती नव्हतीच. बोटभर कंडेन्सर गेला तरी अख्खा बोर्ड बदलायचा. जुने बोर्ड पोत्यानं भंगारात. भंगारवाला तांब्यासाठी ते उघड्यावर जाळायचा, त्या धुरानं डोळे चुरचुरायचे. बाहेरच्या कुणी सेटला हात लावू नये म्हणून आतल्या चिपवरचे नंबर घासून यायचे. असली वस्तू मुद्दाम बनवणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. पण — माझा ड्रॉवर काय कंपनीनं धरून ठेवला होता?

त्यात सेटच्या जोडणीचा नकाशा होता. बाहेर द्यायची मनाई होती. तरी बाकीचे मेकॅनिक सर्रास झेरॉक्स द्यायचे.

एका शाळेतल्या बाईंचा आमच्याच कंपनीचा सेट गफूरभाईंकडे आल्ता. त्यासाठी ते माझ्याकडे आले. दोनदा. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले.

"बालाजी, नकाशा एक डाव दाखीव. इथंच बघतो, नेत न्हाई."

"उस्ताद, कंपनी आम्हालाच देत न्हाई."

माझा गुडघा त्या ड्रॉवरला टेकलेला होता. का केलं मी असं? लोक अजून म्हणायचे, आधी उस्तादांना दाखवा. माझा इस्त्रीचा शर्ट, कंपनीची पाटी — तरी आधी उस्तादच! त्यांना काहीतरी येत न्हाई, हे मला एकदा बघायचं होतं. बस. एवढं हलकट कारण.

बघितलंही. त्यांनी अंदाजानं जोडणी केली, सेट जळाला. बाई दुकानासमोर भांडत होत्या, तेव्हा मी तिथून चाललो होतो. बाईंनी मलाच विचारलं. आणि मी — जीभ कशी झडली न्हाई माझी? — चार लोकांत बोललो, "मला विचारलं असतं, तर नकाशा दिला असता की."

गफूरभाईंनी माझ्याकडं पाह्यलं. दोनदा आल्तो, एवढंच तर त्यांनी म्हणायचं होतं. ते बाईंकडं वळले. "बराबर हाय. चूक माझी हाय."

त्यानंतर कुणी त्यांच्याकडं सेट नेईना. वर्षाच्या आत दुकान बंद झालं. बाईंच्या सेटचा बोर्ड मी बदलून दिला. त्यांनी माझे आभार मानले.

गफूरभाई गेले तेव्हा मयतीला मी सगळ्यांच्या पुढं. त्यांच्या मुलानं मला मिठी मारली. अब्बा शेवटपर्यंत सांगायचे म्हणे, की बालाजी आपला सगळ्यात हुशार शागीर्द. मी रडलो. लोकांना वाटलं, दुःखानं. तेव्हा तरी सांगता आलं असतं. न्हाई सांगितलं.

तो मुलगा जालन्यातच आहे. रस्त्यात दिसला की आदबीनं सलाम करतो. मीही हात वर करतो.