पंचाचा निकाल

छापखान्यातल्या त्या मशिनमनला दोस्तमंडळी 'पंच' म्हणत. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं, हे मात्र सगळे विसरले होते. दर रविवारी सकाळी फ्रेमवाल्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं आणि आत पन्नाशीतले चार बाप्ये ग्रंजवरून एकमेकांच्या उरावर बसायचे. ग्रंज म्हणजे त्यांच्या तरुणपणातलं ते कळकट, घसा फाडून गायलेलं रॉक. केस वाढवून आणि विटके चौकड्यांचे शर्ट घालून त्यांनी त्या काळी आईबापांना सळो की पळो करून सोडलं होतं. आता केस गेले, ते शर्ट पोटावर बसेनात, पण भांडण तसंच ताजं होतं. त्या सगळ्यांत श्रेष्ठ बँड कोणता?

कंडक्टरचा जीव निर्वाना या बँडवर. हळू आवाजात सुरू होऊन एकदम अंगावर येणारं गाणं त्यांच्याइतकं कुणाला जमलं, असं तो बसमध्ये तिकीट मागावं तशा खणखणीत आवाजात विचारायचा. फ्रेमवाला पर्ल जॅमचा. टिकला तो खरा, एवढंच त्याचं म्हणणं, पण काच कापता कापता तो ते इतक्या शांतपणे म्हणायचा की समोरच्याचं पित्त खवळावं. गणिताचे मास्तर साउंडगार्डनचे. त्यांना त्या गाण्यांतले वाकडे ताल बोटांवर मोजून दाखवायची भारी हौस. आणि पंच ॲलिस इन चेन्सचा. दोन गळे एकमेकांत असे पिळून घातलेले दुसऱ्या कुणाकडे दाखवा, मिशी उतरवतो, असं तो टेबलावर हात आपटून सांगायचा.

इथंच तर घोडं पेंड खात होतं. ते दोन गळे पंचाला आता ऐकूच येत नव्हते.

उभा जन्म छपाईच्या मशिनशेजारी काढल्यावर कानांनी हळूहळू अंग काढून घेतलं होतं. ढोलाचा ठोका पोचायचा, दार आपटलेलं कळायचं. पण बारीक आवाज, बायकांचं बोलणं, शब्दांच्या कडा, सगळं वाटेतच गळून पडायचं. बायकोनं हात धुऊन मागे लागून कानात घालायचं यंत्र आणवलं, ते कपाटात धूळ खात होतं. गाण्यांचा न्याय करणारा माणूस कानात यंत्र घालून बसला तर त्याला पंच कोण म्हणेल? छापखान्यात नव्या पोरांनी त्याला कधीच बाजूला सारलं होतं, घरात बायकोचा शब्द चालायचा. त्या फ्रेमच्या दुकानातच काय ती त्याला किंमत होती. तीही गेली तर मग उरलं काय, या भीतीनं त्याला ग्रासलं होतं. म्हणून लेकीलासुद्धा काही कळू द्यायचं नाही, अशी त्यानं बायकोला शपथ घातली होती.

दुकानातला खेळ असा असायचा. सगळ्यांनी डोळे मिटायचे, एकानं टेबलावर ठेवलेल्या फोनवर गाणं लावायचं, बाकीच्यांनी बँड ओळखायचा आणि गाण्याची लायकी सांगायची. शेवटचा शब्द पंचाचा. पंच आपला पंजा लाकडी टेबलावर सपाट टेकवून बसायचा. टेबलातून ठोका हाताला लागायचा, आणि जुनी गाणी त्याला इतकी पाठ की दोनचार ठोक्यांवर बाकीचं गाणं डोक्यात आपोआप वाजायचं. शिवाय एका डोळ्याच्या फटीतून तो मास्तरांची बोटं बघून घ्यायचा. फसवणूकच म्हणायची, दुसरं काय! पण गेली दोन वर्षं ती बिनबोभाट चालली होती.

त्या रविवारी पाळी कंडक्टरची होती. त्यानं गाणं लावलं. पंचानं पंजा टेकवला. ठोका आला, पण ओळखीचा नव्हता. डोक्यात काहीच वाजेना. वरून नुसती घरघर, जसं शेजारच्या घरात कुणी पंप चालू केलाय. त्यानं फटीतून पाहिलं तर मास्तर बोटं मोजायचीच विसरले होते. अशा वेळी गप्प बसणारा माणूस शहाणा, पण पंचाचा आणि शहाणपणाचा त्या दिवशी छत्तीसचा आकडा होता. कुणी तरी नवशिका असणार, असा त्यानं अंदाज बांधला आणि गाणं संपताच तोंड सोडलं. नक्कल आहे म्हणाला. ठोका धेडगुजरी म्हणाला. आणि मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "हा पोरगा गातोय की कण्हतोय? गळ्यात जीव नाही. त्याला सांगा, घरी बस बाबा, लोकांचे कान वाचव."

कुणी हसलं नाही. फ्रेमवाल्यानं हातातला चाकू खाली ठेवला. मागे भिंतीलगत मोठ्या फ्रेमांची थप्पी उभी होती, तिच्या आडून पंचाची लेक बाहेर आली.

मग कंडक्टरनं, मान खाली घालून, सगळा उलगडा केला. तिनं मैत्रिणींबरोबर बँड काढला होता. येत्या शनिवारी त्यांचा पहिला कार्यक्रम होता. गाणं तिचं, गळाही तिचाच. घरी विचारलं तर बाबा लेक म्हणून छानच म्हणतील, म्हणून तिनं कंडक्टरकाकांना गळ घातली होती की खेळात लावा, त्यांना खरं बोलू द्या.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं पंचाला झालं. त्या क्षणी दोन शब्द बोलला असता तर सगळं निभावलं असतं. मला ऐकू येत नाही. बस. पण समोर तिघे दोस्त बसले होते, आणि पंचानं काय केलं? छाती पुढे काढली! गळा ओळखला होता, पण न्यायाला बसल्यावर लेक-बिक काही नसतं, असं म्हणाला. कंडक्टर चाचरत म्हणाला, अरे पण तू पोरगा म्हणालास की. त्यावर पंच म्हणाला, गळाच तसा काढलाय म्हणून म्हटलं. बोलता बोलता त्याला स्वतःचीच शिसारी आली, तरी तो बोलत राहिला.

लेक रडली नाही. घरी जाताना ती त्याच्या बाजूनं चालत काहीबाही बोलत होती. रस्त्यावरच्या गाड्यांत त्यातलं त्याला अर्धंमुर्धंही लागलं नाही. तो आपला मान हलवत होता. ती काय म्हणत होती ते संध्याकाळी बायकोनं त्याला त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. बाबा खरं बोलले म्हणून ती त्यांचे आभार मानत होती. मैत्रिणींना तिनं दुसरी गाणारी शोधायला सांगितलं होतं. एवढं सांगून बायकोनं त्याची अशी काही हजेरी घेतली की त्यातला शब्दन् शब्द त्याला यंत्राशिवाय ऐकू आला.

त्यानं कंडक्टरकडून ते गाणं मागवून घेतलं. कपाटातलं यंत्र काढलं, पुसलं, कानात बसवलं आणि न्हाणीघराचं दार लावून पालथ्या बादलीवर बसला. लेकीनं एकटीनंच, एकावर दुसरा रेकॉर्ड करून, दोन गळे लावले होते. एक खालचा, जाडाभरडा; दुसरा त्याच्या वर, काठाकाठानं चालणारा, आणि मध्येच दोन्ही असे एकमेकांत शिरत होते की कुठला कुठं गेला ते सापडू नये. ही आवड तिनं कुणाची उचलली होती ते सांगायला नको. पंच बादलीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. लाज माणसाला आतून सोलून काढते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

लेक गच्चीत वाळलेले कपडे काढत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, मान वळवून कान दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. टेबलावरचा पंजा, डोळ्याची फट, दोन वर्षं, सगळं. गाणं आत्ता पहिल्यांदा ऐकलं म्हणाला. शनिवारी गायली नाहीस तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असंही म्हणाला. उद्याच्या उद्या दुकानात जाऊन तिघांना सांगणार होता, पंच बहिरा आहे म्हणून.

तिनं चादरीची घडी अर्धवट सोडली. तिनं विचारलं, "दोन वर्षं म्हणजे, मागच्या वर्षी परीक्षेच्या वेळीसुद्धा?"

तो हो म्हणाला.

"स्वयंपाकघरात मी तुम्हाला सांगितलं होतं की शेवटच्या पेपरला मी बसलेच नाही, दिवसभर बागेत बसून राहिले, मला हे शिकायचंच नाहीये. आईला अजून माहीत नाही, असंही म्हणाले होते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, छान झालं." ती थांबली. "तेवढ्या एका शब्दावर मी गायला लागले, बाबा."

पंचाला ती संध्याकाळ आठवली. नळ चालू होता, तिचे ओठ हलत होते, आणि पेपर कसा गेला ते सांगत असेल असं धरून त्यानं तोंडाला येईल ते ठोकून दिलं होतं.

"ऐकू आलं असतं तर काय म्हणाला असतात?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. आपल्या बापाकडून तिला काय हवं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"ओरडलो असतो," तो म्हणाला. "तुला खोलीत कोंडून पुस्तकं समोर आपटली असती. गाणंबिणं बंद म्हणालो असतो."

मग तिनं चादरीची टोकं पुन्हा जुळवली आणि म्हणाली, "मग नाही ऐकलंत तेच बरं झालं." आणि ती हसली. कानात यंत्र होतं, म्हणून त्या हसण्याखालचा हुंदकाही पंचाला नीट ऐकू आला.