प्रवासाच्या दिवशी न घेतलेली गोळी

मुखेडच्या डॉक्टरांनी आईची बीपीची गोळी बदलली. नवी गोळी सकाळी घेतली की दुपारपर्यंत तिला सारखं लघवीला जावं लागायचं. घरात निभायचं, पण बाहेर जाणं तिनं हळूहळू सोडलं. आधी हळदीकुंकू सुटलं, मग सोमवारचं महादेवाचं देऊळ. मी फोनवर विचारलं की म्हणायची, "गुडघे दुखून राहिलेत."

मी लातूरला शाळेत शिकवते. एसटीनं तीन-साडेतीन तास. तिनं यावं म्हणून मी हट्ट करायची, रुसायची. "दादाकडं बरी राहतीस, माझ्याकडं यायलाच तुला जड होतं," असंही एकदा बोलून गेले. त्यानंतर ती दर महिन्याला यायला लागली. मला वाटलं, माझं बोलणं लागू पडलं.

सकाळच्या गाडीनं यायची. उतरायची तेव्हा ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. घरी आल्या आल्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. ऊन लागलं असेल, एवढंच माझ्या मनात यायचं.

एका रविवारी ती स्टँडवर उतरली ती कंडक्टरच्या आधारानं. उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं. माझ्याकडं बघून काहीतरी सांगत होती, पण शब्द फुटत नव्हते. रिक्षात घालून तशीच दवाखान्यात नेली.

"गोळ्या वेळेवर घेत होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक दिवस चुकवत नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

दुपारी दादा-वहिनी आले. वहिनी मला बाजूला घेऊन रडायलाच लागली. "लातूरला यायचं म्हणलं की आदल्या दिवसापास्नं त्या गोळी घेत न्हाईत. सकाळपास्नं पाण्याचा थेंब घेत न्हाईत. मी लई सांगितलं. म्हणायच्या, भरल्या गाडीत बाईमाणसानं काय करावं? आन् तिला सांगू नको, उगं जिवाला लावून घेती."

मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. पण त्रास होतो म्हणून सांगितलं असतं, तर गोळी बदलून देता आली असती."

एवढंच होतं. पण लघवीची गोष्ट परक्या पुरुषाला, डॉक्टर असला तरी, आई कशी सांगणार? आणि मी तिची मुलगी, मीही कधी नीट विचारलं नाही.

आता ती माझ्याकडंच असते. गोळी बदलली आहे, त्रास नाही. पाय थोडा सुधारला. हात नाही, वाचाही नाही. एकच शब्द उरलाय तिच्याकडं, 'हाव', म्हणजे हो. चहा घेतीस? हाव. दुखतंय का? हाव. नको असलं तरी हाव.

परवा तिची वेणी घालताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, माझा राग येतो का गं तुला?"

"हाव," ती म्हणाली, आणि डावा हात मागं आणून माझं मनगट चाचपत राहिली.